मुंगळ्यांचे सूत

संस्कृतचे अध्यापन संपल्यावर मला वस्त्रावर चित्रे शिवण्याचा छंद जडला. जानव्यासाठी टकळीवर सूत काढण्याची सवय होतीच. त्याच सुताने मी जुन्या धोतरांच्या तुकड्यांवर झाडांच्या साली, शेंगा, जाळीदार झालेली पिंपळपाने टाके घालून बसवू लागलो. माझी सून डिचोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिने ही वस्त्रे पणजीतल्या एका प्रदर्शनाच्या मंडळींना दाखवली आणि त्यांनी एक मोठे वस्त्र मागितले. त्या दिवसापासून माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. संध्येला बसलो तरी मिटल्या डोळ्यांपुढे टाकेच येत.

वस्त्राच्या मध्यभागी काय असावे, हे मला लाटंबार्से येथील आमच्या काजूच्या बागेत सापडले. तांबड्या मुंगळ्यांनी पाच-सहा पाने कडांशी शिवून केलेले ते घरटे होते. शिवण पांढरीशुभ्र, तलम. माझ्या टकळीला असे सूत कधी साधले नव्हते. हिंसा घडू नये म्हणून मी डहाळी अलगद कापून आणली, गच्चीवर ठेवली आणि मुंगळे आपणहून निघून जाण्याची तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी एकही दिसेना. घरटे वस्त्रावर मांडून मी टाके घालू लागलो. सातव्या की आठव्या टाक्याला सुई ओली होऊन वर आली.

पाने उसवली. आत तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. काही सुईने विंधलेल्या, उरलेल्या उपाशी मेलेल्या.

सून शाळेतून आली, तिने वाकून पाहिले.

"मामंजी, मुंगळ्यांना सूत काढता येत नाही. ते ह्या अळ्यांना तोंडात धरून मागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडे फिरवतात. सूत ह्या पिल्लांचे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "मेल्या त्या मेल्या. परवा टेम्पो येणार. तिथे भिंतीवर तुमची जागा मोकळी ठेवलीय."

गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी नकळत जीवहिंसा होते, असे शास्त्र सांगते: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तिच्या क्षालनासाठी नित्याचे पंचयज्ञ आहेत. दोन दिवस मी त्या पाचांत सुईला कुठे जागा मिळते का, ते शोधत येरझाऱ्या घातल्या. पण चूल पोटासाठी पेटते. माझी सुई पणजीतल्या एका भिंतीसाठी चालली होती.

टेम्पो यायच्या सकाळी मी घरटे वस्त्रावरून उसवून काढले आणि वस्त्र पाठवायचे नाही, असे सुनेला सांगितले.

"मग त्यांना मी काय कळवू?"

"पूर्ण झाले नाही, असे कळव."

"चार टाके सोडले तर काल झालेच होते."

तिने फोन केला. शब्द मोजकेच बोलली, पण मान खाली घालून बोलली. दिवसभर माझा चहा तिने ओट्यावरच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरटे घेऊन बागेत गेलो. तिथे काजू वेचायला येणारी सावंतवाडीकडची बाई टोपली घेऊन उभी होती. मी घडले ते तिला सांगितले.

"गुरुजीनु, इतकी बुकां वाचलात, आत पोरां असतत ह्यां खंयच नाय गावलां?"

घरटे मी झाडाच्या बुंध्याशी ठेवले. वरच्या फांदीवर मुंगळ्यांची एक रांग दोन पानांच्या कडा ओढून जवळ आणत होती. त्यांच्यातला एक तोंडात अळी धरून आला. तिला त्याने ह्या कडेला टेकवले, मग त्या कडेला. मधे उन्हात एक धागा चमकला. टाका केवढा पडतो ते पाहायला मी टाचा उंचावल्या. किती वेळ गेला, कोण जाणे.

"आता ह्यां पण न्हेतलात काय?" बाईने मागून विचारले.

नाही म्हणालो. पण माझा हात फांदीकडे गेलेला तिने पाहिला होता.