मले पार्ट आहे का

धानोऱ्यात माझं कटिंगचं दुकान आहे. मी साताऱ्याकडचा, सातवीत शाळा सुटलेला. तहसीलचे एक बाबू रविवारी खुर्चीत बसायचे. कात्री चालवत मी नाटक सांगायचो, ते मांडीवरच्या वहीत लिहायचे. अशी आम्ही मिळून गावच्या मंडळाला सहा नाटकं दिली. या परक्या मुलखात माझं बोलणं टिपून ठेवण्याजोगं मानलं, ते या बाबूंनीच. फक्त प्रत्येक नाटकाच्या शेवटी ते तहसीलदारापुढची सुनावणी घुसडायचे. म्हणायचे, "न्याय नाई भेटला तं पब्लिक घरी कशी जाईन?"

यंदा त्यांनी कोरी वही माझ्याच हातात दिली. "आता तूच लिव. मी किती दिवस तुह्या मधात येऊ?"

मी लिहिलं, सुनावणी न घालता.

समाजमंदिरात दुपारी वाचन झालं. मी दोनदा माझ्याच अक्षरात अडकलो. बाबू समोर बसून होते, पण मदतीला आले नाहीत. शेवटचं पान संपलं आणि टाळ्यांनी वरचे पत्रे वाजले. "रडवलं ना बे यानं," कुणीतरी म्हणालं.

भीतीपोटी मी वहीवर दोघांची नावं घातली होती. बाबूंनी स्वतःचं खोडलं आणि पार्ट मागणाऱ्या नटांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "मले जमन असा एखादा पार्ट आहे का?"

मी पान उघडून दिलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, वाचू लागले.

"आवाज मोठा करा, भाऊ," मी म्हणालो. ते पुन्हा पहिल्या ओळीपासून लागले.