वळू नये, हे त्याला ठाऊक होतं

यासीन कारखान्याच्या फाटकाशी सायकल धरून उभा होता. जेवणाची सुट्टी संपत आली होती. फ्लाइंग क्लबातल्या विमानांची इंजिनं सांभाळणारा हा माणूस पुण्याच्या पलीकडच्या मैदानावरून भर उन्हात पिंपरीपर्यंत आला होता, त्यामुळे काहीतरी विपरीत झालंय हे मला दुरूनच कळलं. "दिगू गेला, साहेब," तो म्हणाला. "सकाळी. वर चढता चढता इंजिन बंद पडलं." अशा वेळी माणूस काय विचारतो? कुठे, कसा, घरी कळवलं का... मी विचारलं, "वळला का?" यासीननं उलट विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणारा मी होतो.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. दिगंबर शेलार हे नाव वाचकांनी वर्तमानपत्रात पाहिलं असेल. शिकाऊ विमान कोसळून तरुण वैमानिक ठार, एवढ्याच बातमीत. पुढे काही दिवसांनी कोपऱ्यात आणखी एक ओळ आली, वैमानिकाच्या चुकीमुळे अपघात. ही दुसरी ओळ खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी माझ्याशिवाय कुणाजवळ नाही. एरवी मी लिहिणारा माणूस नव्हे. घरातले तर म्हणतात, बोलणाराही नव्हे.

दिगू आमच्या कारखान्यात दुरुस्ती खात्यात लागला तेव्हा कारखाना नवाच होता. कुंपणाबाहेर बाभळी, आणि त्यांच्या पलीकडे निर्वासितांची छावणी. मी भांडार सांभाळत होतो. भांडारातले काका पूर्वी विमान चालवायचे, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात मागे बांधलेले, शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तसे. "काका, एक विचारू? विमानाला रिव्हर्स असतो का?" सगळं टेबल हसलं. "शेलार, तुला वर जायचंय का मागं?" कुणीतरी खेकसलं. "वरच जायचंय, पण परत बी आलं पायजे ना राव," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं स्वतःही हसला. मला तो त्याच क्षणी आवडला. माझ्याकडे माजी वैमानिक म्हणून बघणारं माणूस फार वर्षांनी भेटलं होतं, हेही त्याचं एक कारण होतं... आता लपवायचं कशाला.

त्याचे वडील धोंडिबा शेलार चिंचवड स्टेशनात सांधेवाले. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे बदलण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. मूळचे मावळातले, मोजकं बोलणारे, नियमाला देव मानणारे. पोरगा सुट्टीच्या दिवशी सायकल मारत क्लबात जातो, विमानं धुतो, पुसतो, आणि त्या बदल्यात उडायला शिकतो, याचं त्यांना कौतुक होतं आणि धाकही होता. दिगूचा हात हलका होता. त्याला शिकवणारे म्हणत, हा पोरगा विमानाला न दुखवता वळवतो. पण धंदेवाईक लायसन्स मिळायचं तर नुसता हात पुरत नाही. विमान उडवून दाखवायच्या आधी तोंडी परीक्षा असते. दिल्लीहून आलेले परीक्षक टेबलापलीकडे बसतात आणि इंग्रजीतून विचारत सुटतात: अमुक झालं तर काय कराल, तमुक दिसलं तर काय समजाल. पहिल्या खेपेला दिगू तिथे गप्प उभा राहिला. उत्तरं येत होती, पण मराठीत. साहेब थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, पुन्हा या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या रेल्वेच्या चाळीतल्या खोलीवर गेलो. दिगू भिंतीकडे तोंड करून बसला होता. धोंडिबा म्हणाले, "आमच्यात बी साहेब तोंडी घेतो, मास्तर. नेम न्हाई आला की सांध्याला हात लावू देत न्हाई. बरूबर हाय त्येचं. तुमी ह्येच्याकडून पाठ करून घ्या." मास्तर म्हणाले मला! मी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून पाळी संपली की मी चिंचवडला उतरायचो आणि दिगू हात मागे बांधून माझ्यासमोर उभा राहायचा. मी परीक्षक व्हायचो. घोगरा आवाज काढून, भुवया चढवून इंग्रजीत प्रश्न टाकायचो. तो अडखळला की म्हणायचो, "मिस्टर शेलार, तुम्ही विमानात आहात की बैलगाडीत?" तो म्हणायचा, "बैलगाडीत असतो तर सुखात असतो, सर." त्याची आई दाराआड पदर तोंडाला लावून हसायची.

आमच्या वेळच्या वैमानिकांत एक खोड होती. प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं ठेवायची. एक साहेबासाठी, एक आपल्यासाठी. वजन थोडं जास्त झालं तर? साहेबासाठी: उडायचं नाही. आपल्यासाठी: पहाटेच्या गार हवेत उडायचं, गार हवा जास्त उचलते. समोर ढग आला तर? साहेबासाठी: मागे फिरायचं. आपल्यासाठी: पातळ दिसला तर नाक घालून बघायचं. यात शहाणपण कमी आणि मर्दुमकी जास्त होती, पण दिगूला या दुसऱ्या उत्तरांची गोडी लागली. पुस्तकातलं उत्तर तो घडाघडा म्हणायचा आणि लगेच डोळे बारीक करून विचारायचा, "हे झालं साहेबाचं. आता आपलं?"

एका संध्याकाळी मी तो प्रश्न विचारला. जमीन सोडल्यावर लगेच, उंची कमी असताना, इंजिन बंद पडलं तर? तो म्हणाला: नाक खाली, वेग राखायचा, समोर जे असेल त्यात सरळ उतरायचं. मागे वळायचं नाही. वळताना उंची जाते, वेग तुटतो, एका बाजूचा पंख एकदम खाली जातो आणि मग हातात काही उरत नाही. एक शब्द चुकला नाही. मी म्हणालो, शाबास. आणि त्यानं विचारलं, "आणि आपलं?"

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. याला दुसरं उत्तर नाही बाबा, एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी खुर्चीत मागे रेललो आणि माझी गोष्ट सांगितली. कसं माझं इंजिन झाडांच्या माथ्यावर बंद पडलं, समोर नुसते खडक होते, कसं मी विमान डावीकडे टाकून वळवलं आणि ज्या मैदानावरून निघालो त्याच मैदानावर अलगद आणून ठेवलं. "हात असला की वळता येतं," मी म्हणालो. "पण हे साहेबाला सांगायचं नाही." दिगू माझ्याकडे बघत होता. तशा नजरेनं माझ्याकडे कधीच कुणी पाहिलं नव्हतं. बाहेर ओट्यावर धोंडिबा विडी ओढत बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

माझं इंजिन बंद पडलं नव्हतं. भरपूर उंचीवर असताना ते खोकलं, गुदमरलं, आणि आपलं आपणच पुन्हा लागलं. मी चालू इंजिनानं, नेहमीसारखा, मोठा फेरा घालून उतरलो. उतरल्यावर मला विमानातून खाली येता येईना, पाय लटपटत होते. त्यानंतर मी एकट्यानं कधी उडालो नाही. डोळे अधू झाले म्हणून सोडलं, असं सगळ्यांना सांगितलं, बायकोलासुद्धा. डोळे चांगले आहेत माझे. ही गोष्ट मी पहिल्यांदा कुणाला सांगितली तेव्हा इंजिन नुसतं खोकत होतं. पुढे सांगता सांगता ते बंद पडलं, उंची उतरत गेली, खडक आले. दिगूपर्यंत येताना ती इतकी घोटीव झाली होती की सांगताना मलाही ती खरी वाटायची.

दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी त्याला तोच प्रश्न विचारला. त्यानं पुस्तकातलं उत्तर दिलं, न अडखळता. साहेब खूश झाले. तो स्टेशनवरून धावत माझ्या घरी आला, पाया पडला, आणि उठता उठता कानाशी म्हणाला, "आपलं नाही सांगितलं हां, काका." मी त्याच्या पाठीत थाप मारली. तेव्हाही सांगता आलं असतं...

पुढचं यासीनकडून ऐकलेलं. वैमानिकाच्या नोकरीचं अजून कळायचं होतं, तोवर हात बसलेला राहावा म्हणून कारखान्यात दुपारपाळी असेल त्या सकाळी दिगू क्लबाचं विमान उडवत असे. त्या सकाळी विमान झाडांच्या वर गेलं आणि आवाज थांबला. समोर ज्वारी काढून मोकळं झालेलं रान होतं. सपाट, लांबच लांब. "टांगा घेऊन उतरला असता तरी चाललं असतं, साहेब," यासीन म्हणाला. "पण त्यानं डावीकडे टाकलं." डावीकडे, माझ्या गोष्टीत होतं तसं.

त्यानंतर बोलणारे बोलू लागले. घोकून पास झालेला पोरगा, वेळ आल्यावर विसरला. कारखान्यात कुणीतरी हे माझ्याच टेबलावर बोललं आणि मी डब्यातली भाकरी मोडत राहिलो. शेवटी तेराव्यानंतर काही दिवसांनी मी चाळीत गेलो. धोंडिबा पाळीवरून नुकतेच आले होते. अंगातला निळा सदरा तसाच. दिगूची आई दाराशी बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खोकलेलं इंजिन, लटपटलेले पाय, खोटे खडक.

"म्हंजी त्येला नेम येत व्हता," ते म्हणाले.

"येत होता."

"इसरला न्हाई."

"नाही."

"आन् येत असून मोडला. तुमच्या शब्दापायी."

मी मान हलवली. वाटलं, ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ह्ये मला सांगून काय उपेग, मास्तर? मी बाप हाय. टेसनाच्या केबिनीत मान्सं रोज म्हनत्यात, शेलाराच्या पोराला नेम येत नव्हता. सांधेवाल्याच्या पोराला! त्यास्नी सांगा. सगळ्यास्नी सांगा. पेपरात आलंय त्ये पेपरातच दुरुस्त करा." मग सदऱ्याची बटणं काढत ते आतल्या खोलीत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

त्यांच्या सांगण्यावरून हे लिहिलं. केबिनीतल्या माणसांनी वाचावं. दिगंबर शेलारला नियम येत होता.

त्या संध्याकाळी मी निघालो तशी दिगूची आई म्हणाली, "बसा. च्या न्हाई दिला तुमाला." मी खुर्चीत बसलो. ती चहाला न उठता बसूनच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "ह्या वक्ताला स्टो पेटवत न्हाई मी. आवाज व्हतो. त्यो तुमच्याम्होरं बोलायचा न्हवं, म्हनून अंधार पडस्तवर पेटवायची न्हाई. आता कोन बोलतंय... पर हात जात न्हाई." खोलीत तेव्हा खरोखरच काही आवाज नव्हता. तिनं खाली बघतच विचारलं, "त्या वक्ताला त्येला तुमचंच आठवलं असंल, व्हय?"

खोटं बोलणं मला शक्य होतं. सवय होती.

"हो," मी म्हणालो.

"मंग आमचं काय आठवाया येळ गावला नसंल," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठलो नाही. अंधार पडला, पलीकडच्या खोल्यांतून स्टोव्हचे आवाज येऊ लागले. तिनं आपला पेटवला नाही.