सुधाचं विमान आणि माझा दोरा

माझी बायको बसलेलं विमान रस्ता चुकलं आहे, हे ग्वाल्हेरच्या अख्ख्या दौलतगंजात सर्वांत आधी माझ्या लक्षात आलं.

सुधा पहिल्यांदाच एकटी विमानात बसली होती. लेक टोरांटोला, तिचं पहिलं बाळंतपण, आणि सुधाच्या बॅगेत कपडे कमी, डिंकाचे लाडू जास्त! तिकीट काढून देणाऱ्यानं दिल्ली ते टोरांटो अंतर सांगितलं होतं साडेअकरा हजार किलोमीटर. मी भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून मोजलं, तर चांगलं सतरा हजार भरलं! (तीनदा मोजलं. दोरा बदलूनसुद्धा.) "लोक घाबरू नयेत म्हणून कमी सांगतात," असं मी सुधाला समजावलं. ती तेव्हापासून घाबरली.

पहाटे विमान उडालं. सकाळी चहा घेता घेता मी मोबाइलवर त्याचा ठिपका पाहिला आणि कप खाली ठेवला. माझ्या दोऱ्याप्रमाणे सुधा इराकवर हवी होती. ती रशियावर होती, आणि आणखी वर चालली होती! थेट उत्तर ध्रुवाकडे! ग्वाल्हेरच्या थंडीत हिला दोन रजया लागतात हो!

लेकीला फोन लावला. नववा महिना, जपून सांगावं, एवढं भान मला होतं.

"बेटा, घाबरू नकोस. आई रशियात गेली."

"बाबा, यही रूट है! बरोबर येऊन राहिली आहे ती!"

"आणि पेट्रोल साडेअकरा हजारांचंच भरलं असेल तर?"

"बाबा, हाथ जोड़ती हूँ, फोन ठेवा!"

माझा आवाज ऐकून शेजारच्या जाधववहिनी धावत आल्या. त्या घरी शिवणकाम करतात. गळ्यात टेप तसाच होता. मी नकाशा दाखवला, दोरा दाखवला, आणि खरं सांगतो, मला रडू फुटलं. वहिनी आमच्याच स्वयंपाकघरातून खरबूज घेऊन आल्या. त्यात दोन बाजूंना दोन टाचण्या खोचल्या.

"ही दिल्ली, हे टोरांटो, आणि देठ म्हणजे उत्तर ध्रुव. आता ताणा तुमचा दोरा."

मी ताणला. दोरा खरबुजाच्या पोटावर थांबेचना! घसरून वर देठाजवळ गेला आणि चक्क आखूड झाला.

"भाऊजी, कागदावर कशाला मोजून राहिले? माप अंगावर घेतात!"

संध्याकाळी सुधाचा फोन आला. "पोचले हो. लाडूपण पोचले. तुम्ही जेवलात का?" मी कुठला जेवतोय! दिवसभर त्या ठिपक्यासमोर हात जोडून बसलो होतो. त्या रात्री मी वैमानिकाचे आभार मानले, जाधववहिनींचे मानले, खरबुजाचेही मानले. पण सर्वांत जास्त आभार देवाचे. छत्तीस वर्षं मी बिर्लानगरच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि माझा एकही विद्यार्थी वैमानिक झाला नाही!