आत्याचा धुरा

मंडळी, आज आमच्या आत्यानं सगळ्या घराला गप्प केलं.

आत्या बाबांची मोठी बहीण. माहेरी आली की म्हणते, "वावराच्या मधातून धुरा होता. तिथं बसून मायसंग भाकर खायची मी." धुरा म्हणजे शेताचा बांध. बाबा हसून म्हणायचे, "नव्हता ताई." हल्ली ती नावंही विसरते, म्हणून आम्हीही तिचं बोलणं सोडून द्यायचो.

आज मी मोबाईलवर मोताळ्याजवळच्या आमच्या वावराचा आकाशातून घेतलेला फोटो पाहत होते. उन्हाळ्यातला, पीक नसलेला. काळ्या मातीत एक फिकट पट्टा सरळ आरपार गेला होता. धुरा मोडून सपाट केला, तरी त्याचा मुरूम मातीत राहिला होता.

मी फोटो बाबांना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. "तूच खरी ताई. मी पाळण्यात असंन तवा."

आत्यानं माझा हात धरला. "म्हंजे मी येडी नाही झाली ना पोरी?"

"चाल," बाबा म्हणाले, "माय कुठं बसे, ते दाखव मले."

संध्याकाळी दोघं वावरात बसले होते. बाबांना त्यांची आई आठवतच नाही. आत्या सांगत होती आणि ते लहान मुलासारखं विचारत होते, "मंग?"

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कोणती गोष्ट तुम्ही पुन्हा विचारणार?