एका गाण्याला चार नावं

आमच्या ओट्यापुढं किस्से चपलांसारखे साठतात. कोण सोडून गेलं कळत न्हाई, पण रोज दोन जोड जास्तच! आता ह्येच बघा. चाकणच्या कंपन्यांच्या मधोमध एक गाव होतं. तिथं ठकू, सुलोचना आन् मी सरू अशा तिघी म्हाताऱ्या राहायच्या. राहायच्या कशाला, अजून हाओत! कुणाच्याही घरी हळद असू दे, गाणी आमचीच.

*

माझी नातसून प्राजक्ता वाकडला कॉम्प्युटरच्या कंपनीत. ती म्हणाली, "आज्जी, गाणी रेकॉर्ड करूया." स्वयंपाकघरात बसून आमी सूर लावला, तर मधेच कुकरची शिट्टी!

"परत म्हणा," प्राजक्ता म्हणाली.

"राहू दे की," ठकू म्हणाली. "आमच्यात तीच एक सुरात हाय!"

*

माझा बबन कंपनीची बस चालवतो. पेन ड्राइव्ह लावून त्यानं आमाला बसमध्येच बसवलं. गाणं सुरू झालं, पुढच्या पडद्यावर नाव आलं. बबननं वाचलं, "ठकूबाई." बास! एकटी ठकूबाई!

"आन् आमी काय टाळ्या वाजवायला होतो व्हय?" मी उसळले.

ठकू मात्र पदर सावरून बसली, जसा काय फोटोच निघतोय!

*

प्राजक्तानं समजावलं. गाण्याच्या फाइलीच्या पोटात एक कप्पा असतो, गाणाऱ्याचं नाव ठेवायचा. आधी घाईत एकच घातलेलं, आता तिनं तिघींची नावं एका ओळीत जोडून घातली. मग मोबाइलात माझ्या नावानं गाणं शोधलं, तर एक न्हाई! यंत्राला वाटलं, एवढ्या लांब नावाची एकच बाई गातीया.

"तिघींत मिळून एकच आधार कार्ड काढलंस गं बाई!" ठकू म्हणाली.

रविवारभर बसून प्राजक्तानं त्या एकाच कप्प्यात तीन सुट्ट्या चिठ्ठ्या बसवल्या. आता कुणाचंबी नाव दाबा, गाणं हजर! मी माझं पाच वेळा दाबलं. पाची वेळा मीच निघाले!

*

तवा सुलोचना हळूच म्हणाली, "प्राजक्ता, चौथी चिठ्ठी मावंल का? माझं माहेरचं नाव. चिंधी."

आमी हसलोच! चाळीस-पन्नास वर्सं शेजार, पण ह्ये नाव कधी ऐकलं न्हवतं. मग तिनं सांगितलं. तिच्या आईची लेकरं जगत न्हवती. म्हणून दृष्ट लागू नये अशी नावं ठेवली, ही चिंधी आन् धाकटा दगडू. लग्नात सासूनं नाव बदललं. दगडू तवा पाच वर्सांचा. पुढं आईबाप गेले, मामा त्याला ऊसतोडीला घेऊन गेला, तो हरवलाच. तवापास्नं दर भाऊबीजेला ही अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची.

"चार काय, दहा मावतील," प्राजक्ता म्हणाली आन् लगेच नाव घातलं.

*

दिवाळीच्या आधी एका सकाळी बबनचा फोन. "आये, सुलोचनाकाकूच्या भावाचं नाव काय गं?"

"दगडू. का रं?"

तिकडनं नुसता गलका! झालं असं की बसमध्ये आमचं गाणं लागलेलं, पडद्यावर नावं सरकत होती, आन् कंपनीच्या कॅन्टीनमधला एक बीडकडचा माणूस सीटवरनं उठून पुढं आला. "डायवर साहेब, ही चिंधी कोण हाय? माझ्या बहिणीला चाकणकडं दिली होती. नावाशिवाय मला काहीच म्हाईत न्हाई. जिथं काम केलं तिथं विचारलं, कुणी चिंधी वळखतच न्हाई!"

बबननं बस तिथंच कडेला घेतली. गेटवर सुपरवायझर ओरडला, "आख्खी शिफ्ट लेट! कारण काय?"

आख्खी बस ओरडली, "बहीण घावली!"

*

भाऊबीज आली. पाटावर पांढऱ्या मिशांचा दगडू बसला, टोपी घालून, ताठ. सुलोचनानं ताट उचललं, दिवा लावला, आन् सवयीनं निघाली की अंगणाकडं!

ठकू दारात आडवी झाली.

"अगं चिंधे, फिर माघारी! औंदा चंद्राला बसू दे ताटकळत!"