एक जूनचा जन्म

यवतमाळात शोभाला ओळखत नाही असं सरकारी टेबल शोधूनही सापडायचं नाही. वडील कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क, सासरे तहसिलात, नवरा श्रीकृष्ण कॉलेजात ग्रंथपाल. कागदावर वाढलेली बाई. मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत ती एकोणीस वर्षं आहे आणि या वर्षांत तिनं छत्तीस बालविवाह थांबवले. आकडा ती स्वतःच सांगते, न विचारता.

लग्न थांबवायला गेली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "रडणं नंतर, आधी कागद दाखवा. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही." बाया पदर पसरायच्या. म्हणायच्या, "ताई, अठराचीच हाय पोरगी, मी जनमली तिले, मले माईत नाई का?" शोभा ढिम्म हलायची नाही. "तुमच्या माहितीचं मी लोणचं घालू का? शाळेचा दाखला आणा." दाखल्यावर पंधरा निघायचे, नवरदेव आल्या पावली परत जायचा, आणि शोभा संध्याकाळच्या एसटीनं घरी येऊन गरम गरम पोळी खायची. खोटं कशाला सांगा, तिला त्यात मजा यायची.

तीन जूनला सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. उमरखेडच्या कुठल्याशा दुकानातून एक मुलगी घाईघाईनं बोलत होती.

"ताई, मी पुष्पा. बाबूसिंगची. तुमी मले कडेवर घेऊन शाळेत नेलतं, आजी सांगे. परवा माझं लगन हाय. मी सोळाची हाय ताई. बारावी पास झाली मी. मले नर्सिंगचा फॉर्म भराचा हाय."

"रडू नको," शोभा म्हणाली. "मी जिवंत असताना तुझं लग्न कोण लावतो तेच बघते."

बाप्पा, काय तो शब्द! पण तेव्हा तिनं तो अगदी मनापासून दिला होता.

पाच जूनला पहाटेची एसटी धरून ती उमरखेडला उतरली. ठाण्यातून संजय जमादाराला सोबत घेतलं आणि ऑटोनं दहाच्या आत बंजाऱ्यांच्या त्या तांड्यावर पोचली. मांडव पडला होता, डेगी चुलीवर चढल्या होत्या. शोभा दिसली की बापानं मागच्या दारानं पळायचं असतं, निदान हातपाय तरी जोडायचे असतात. इथं उलटंच झालं. बाबूसिंग मांडवातून धावतच आला.

"ताई आल्या! मानी, पानी आन वं. खुर्ची आना रे ताईले!"

बाजेवर तांड्याचा नायक लालसिंग बसला होता, म्हातारा, पांढऱ्या फेट्याचा. त्यानंही हात जोडले. शोभानं पाण्याला हात लावला नाही. उभ्यानंच म्हणाली, "आधी कागद."

बाबूसिंगला जणू याचीच वाट होती. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यानं शाळेचा दाखला तिच्या हातात ठेवला. जन्मतारीख एक जून दोन हजार सात.

"चार दिवस झाले अठरा भरून," तो म्हणाला. "सोयरे दोन साल मांगं लागून राह्यले होते ताई. पन मी म्हनलं, शोभाताईनं सभेत सांगतलं हाय, अठरा भरल्याबिगर बोलाचं बी नाई. तुमच्या शबदावर थांबलो मी. लोकं हासले मले, तरी थांबलो."

तो खरंच बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसाचं हसू होतं, आणि शोभाला ते बघवेना.

दारातून मानीबाई, पुष्पाची आई, पुढं आली. "दिवाईच्या बादची हाय थे. कापूस येचता येचता कळा लागल्या मले, वावरातच झाली. सोळाच भरले तिले. थो कागद चुकीचा हाय, ताई."

"तुझ्या तोंडाले कोन इचारते मानी?" लालसिंग शांतपणे म्हणाला. "ताईच म्हनते ना, मानूस खोटं बोलते, कागद नाई."

मांडवातले दोघं-तिघं हसले. संजय जमादारानं मिशीवरून हात फिरवला. शोभाचे कान तापले. पण ती हार मानणारी नव्हती. दाखला लिहिताना मास्तर चुकला असेल, मूळ रजिस्टर आणा, प्रवेशाचे अर्ज आणा, असा तिनं हुकूम सोडला. मास्तरला फोन गेला. तासाभरानं तो मोटारसायकलवर जुनं रजिस्टर आणि दोरीनं बांधलेला अर्जांचा गठ्ठा घेऊन आला. मधल्या वेळात पुष्पा आतून येऊन आईच्या शेजारी उभी राहिली होती. अंगावर लग्नाचा कपडा, हातभर मेंदी, आणि नजर शोभावर चिकटलेली. ही बाई छत्तीस लग्नं मोडून आली आहे, हे सदतिसावं मोडणारच, एवढं सरळ तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

शोभानं गठ्ठ्याची दोरी सोडली. दोन हजार तेराचे अकरा अर्ज एकाखाली एक. पहिल्याच अर्जावरचं अक्षर बघून तिचा हात थांबला. निळी शाई, गोल गोल वळण, आणि खाली माहिती देणाऱ्याची सही. ती सही तिची होती.

मग सगळं आठवलं. त्या जूनमध्ये शाळेत नऊच पोरं उरली होती. पट वाढला नाही तर शाळा बंद, असं वरून आलं होतं. तेव्हाचे मास्तर सदाशिवराव गुरुजी डोकं धरून बसले होते. इकडं शोभाच्या संस्थेची मोहीम होती, तांड्यावरचं एकही मूल शाळेबाहेर नको. तिनं घरोघर फिरून अकरा पोरी गोळा केल्या. कुणी पाचची, कुणी त्याहून लहान. पुष्पा तर शेंबडी, साडेचारची. आईबाप बांधकामावर गेलेले, आजी बसंतीबाई सांभाळायची.

"लहान हाय वं बाई अजून," बसंतीबाई म्हणाली होती. "दिवाईच्या बादची हाय."

"ताई, पहिलीले सहा लागते," गुरुजी कुरकुरले होते.

"मग लिहा सहा. सगळ्यांना एक जून टाका, दोन हजार सात. त्यानं कोणाचं काय बिघडणार आहे?" असं म्हणून शोभा हसली होती. गुरुजींचा हात कापत होता म्हणून अकराही अर्ज तिनंच भरले, पालक नाहीत म्हणून सह्याही तिनंच ठोकल्या. शाळा वाचली. शंभर टक्के पटाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिच्या ऑफिसात खुर्चीच्या मागंच काचेत लावलेलं आहे, येणाऱ्याला आधी तेच दिसतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! आता बोला, शोभाताई.

"कोनं भरला होता अर्ज?" संजयनं विचारलं. "त्याले बोलवू. थो म्हनला तारीख चुकीची हाय, तर लगन थांबवतो, पोरीले घेऊन जातो. पुढं डाक्टर वय तपासतील."

सही वाचता येईल अशी नव्हती. शोभानं अर्ज मिटला.

पुष्पा दोन पावलं पुढं आली. "ताई, आजी सांगे मले. तुमीच लिवलं होतं. आजी म्हने लहान हाय, तर तुमी हासल्या. सांगा ना यांईले. तुमाले तं माईत हाय."

सगळे शोभाकडं वळले. एक वाक्य बोलायचं होतं. ही तारीख मी खोटी लिहिली, एवढंच. पोरगी तेवढ्यावर सुटत होती. शोभाला नोकरी दिसली, चौकशी दिसली, काचेतलं प्रशस्तिपत्र दिसलं, श्रीकृष्णाचा चेहरा दिसला. नंतर ती स्वतःच्या मनाला सांगत राहिली की त्या अकरा पोरींचे दाखले खोटे ठरले असते, त्यांचं शिक्षण मातीत गेलं असतं, म्हणून मी गप्प बसले. सांगू दे बापडी. ती भ्याली. तिची दातखीळ बसली ती स्वतःच्या भीतीनं.

"मुलगी काहीतरी ऐकीव बोलतेय," शोभा म्हणाली. "तारीख बरोबर आहे. कागद बरोबर आहे."

मानीबाईनं तोंडात पदर कोंबला.

संजय पुष्पाकडं वळला. "पोरी, तू अठराची. तुले लगन कराचं नसंन तर सांग. आत्ताच सांग, सर्व्यायच्या समोर."

सर्व्यायच्या समोर! म्हणजे बापासमोर, नायकासमोर, शंभर पाहुण्यांसमोर, चढलेल्या डेगींसमोर. सोळा वर्षांची पोर काय बोलणार, कपाळ? ती शोभाकडं बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली.

"मुलीची हरकत नाई," संजयनं लिहिलं, आणि शोभानं खाली सही केली. निळ्या शाईत, तीच गोल सही.

बाबूसिंगनं तिला जाऊ दिलं नाही. "जेवल्याबिगर कायले जाता ताई? तुमच्यानंच तं शिकली पोरगी." तिला पहिल्या पंगतीत बसवलं, स्वतःच्या हातानं वाढलं. ती खाली मान घालून जेवली. घास उतरत नव्हता असं म्हणावं तर तेही खरं नाही, उतरले.

दुपारी लग्न लागलं आणि पाठवणीची वेळ झाली. तांड्यात नवरी जाताना आपल्या माणसांच्या गळ्यात पडून गाऊन रडते. त्या रडगाण्याला ढावलो म्हणतात. ज्याच्या गळ्यात पडली तो आपला, एवढा सरळ हिशेब. पुष्पा आईच्या गळ्यात पडली, आत्यांच्या, मावश्यांच्या, शेजारणींच्या पडली. बापाच्याही गळ्यात पडून अशी रडली, की बाबूसिंग लेकरासारखा हमसून हमसून रडू लागला.

एका म्हातारीनं तिला शोभाकडं ढकललं. "ताईच्या बी गळ्यात पड वं. कडेवर घेऊन शाळेत नेलं त्यायनं तुले."

शोभानं हात पुढं केले. पुष्पा तिच्यासमोर उभी राहिली. गाल ओले होते, पण रडगाणं तिनं थांबवलं होतं.

"या बाईले मी रडत नाई," ती म्हणाली आणि जाऊन गाडीत बसली.

शोभाचे हात तसेच राहिले. मग तिनं ते पर्स चाचपायला खाली आणले. बायका इकडं तिकडं बघायला लागल्या.

गाडी गेल्यावर बाबूसिंग डोळे पुसत तिला ऑटोपर्यंत सोडायला आला. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल तर त्यानं मनावर घेतलं नव्हतं.

"परवा उकंडाच्या पोरीचं हाय, ताई," तो म्हणाला. "पुढच्या हप्त्यात अजून तिघींचे हायेत. समद्याईचे एकाच दिवशी अठरा भरले ना, एक जूनले. सारा तांडा तुमच्या शबदावर थांबून होता. तुमी याच बरं का."

"हो," शोभा म्हणाली, "येईन की," आणि ऑटोवाल्याला चल म्हणाली.