लग्नाची साधी अंगठी चालेल

मनगटावर साबणाचं पाणी ओतायची, अंगठा आत मुडपायची आणि एकेक काचेची बांगडी उतरवायची. उतरवताना रोज मला ऐकवायची, "दादा, माझा नवरा जिता हाय बरं. ध्यानात ठेवा."

मी दिंडोरी रोडला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसवर वॉचमन होतो. ही वहिनी आमच्याच गल्लीतली. माझी बायको आणि ती आत एकाच टेबलाशी उभ्या राहून घड साफ करायच्या, डबीत भरायच्या. माल बोटीनं परदेशात जायचा. तिकडच्या गिऱ्हाइकाच्या तोंडात काच जाऊ नये म्हणून बांगड्या, टिकली, मंगळसूत्र सगळं गेटवरच्या कपाटात. कपाट उघडायचं ते काम सुटल्यावरच.

खोटं कशाला बोलू, पॅकहाऊस आलं म्हणून बायांच्या हातात पैसा आला. मळ्यात निंदायला जायच्या तेव्हा मुकादम तोंडाला येईल ते बोलायचा. इथं सायब 'ताई' म्हणायचा. वहिनीची पोरगी त्याच कमाईवर नर्सिंग शिकली. जग जवळ आलं ते चांगलं का वाईट, यावर तुम्ही शिकलेली माणसं भांडा. मी गेटवर होतो, मी दोन्ही बघितलं.

एकदा गोरी बाई तपासणीला आली. बोटात अंगठी. मी कपाटाकडे हात केला तर सुपरवायझर माझ्यावरच खेकसला, "पाटी वाच की! लग्नाची साधी अंगठी चालेल."

वहिनी रांगेत होती. म्हणाली, "दादा, तिचं लगीन आत जातं अन् आमचं कपाटात?"

"वहिनी, द्राक्षं तिच्या गावाला चाललीत."

"मग नवरा बी तिकडचाच करते!"

सगळ्या हसल्या. माझी बायको तर तोंडाला पदर लावून हसली.

त्याच हंगामात माझी बायको गेली. सकाळी न्हाणीत पडली, उठलीच नाही. सवाष्ण म्हणून बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला. वहिनी कामावरून पळत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांनी तिला उंबऱ्यातच अडवलं.

"ह्या हातानं सवाष्णीला कुंकू लावते का तू? आधी बांगड्या घाल."

"बदलीचा वॉचमन कपाट उघडंना, आत्या. सुट्टीबिगर नाय म्हणतो. एवढं लावू द्या. रोज माझ्या शेजारी उभी राहायची ओ ती."

"नाय म्हणजे नाय."

मी म्हटलं, "लावू द्या तिला." बायांच्या कामात पुरुषाचं कोण ऐकतं? ती तशीच नाक्यावरच्या कासाराकडे पळाली.

ऊन चढलं होतं, मंडळी थांबेनात. आम्ही उचललं. मडकं धरून मी पुढे. मागे बघू नये म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी मी बघितलं. ती आमच्या दारात उभी होती. दोन्ही हातांत हिरवा चुडा, बोटांत कुंकवाची डबी. लावायला कपाळ नव्हतं.

पुढच्या हंगामाला ती कामाला आली नाही. माल वेळेवर गेला.